पाटी कुणाची, सही कुणाची आणि काम कुणाचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचं पावडर कोटिंगचं छोटं युनिट आहे. जीएसटी सुरू झाल्यापासून सगळं काम एकाच गृहस्थांकडे होतं. ते दर महिन्याला कराचा आकडा कळवायचे, आम्ही त्यांच्या खात्यात पैसे पाठवायचो. आता नोटीस आली आहे. दीड वर्ष कर भरलाच नाही, न झालेल्या खरेदीचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) दाखवून देणं शून्य केलं आहे. चौकशी केल्यावर कळलं की ते सीए नाहीतच. अशा लोकांवर लक्ष कोण ठेवतं? आणि पुढचा माणूस लायक आहे हे आम्ही कसं ओळखायचं?"

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन शब्दांत देतो: कोणीच नाही. कडू वाटेल, पण नौपाड्यात अठ्ठावीस वर्षं सीए म्हणून बसल्यावर गोड बोलायची सवय मोडली आहे.

आपल्याकडे कायदा सही तपासतो, काम तपासत नाही. ही गोष्ट लक्षात आली की बाकीचं आपोआप उलगडतं. 'चार्टर्ड अकाउंटंट' हे बिरुद १९४९ च्या कायद्याने राखीव आहे. परीक्षा आणि सदस्यत्वाशिवाय ते लावणं गुन्हा आहे. पण 'अकाउंटंट', 'टॅक्स कन्सल्टंट', 'करसल्लागार' हे शब्द मोकळे आहेत. गोखले रोडवरून स्टेशनकडे चालत जा आणि पाट्या वाचा. 'अमुक अँड असोसिएट्स, जीएसटी, आयटीआर, पॅनकार्ड, शॉप अ‍ॅक्ट, झेरॉक्स.' यातल्या काही पाट्यांमागे वीस-वीस वर्षं प्रामाणिकपणे वह्या लिहिणारी माणसं बसली आहेत, हेही सांगतो. माझ्या ऑफिसातले सगळ्यात पक्के हिशेबनीस बी.कॉम. सुद्धा नव्हते. पण त्यांची लायकी कोणी तपासलेली नाही आणि उद्या त्यांनी पैसे खाल्ले तर त्यांचा परवाना काढून घेणारंही कोणी नाही, कारण परवानाच नाही.

तुम्ही म्हणाल, मग असा माणूस माझं विवरणपत्र भरतो कसा? तो भरतच नाही. तुमचा यूजर आयडी, तुमचा पासवर्ड आणि तुम्ही फोनवर सांगितलेला ओटीपी. पोर्टलच्या लेखी ते विवरणपत्र तुम्हीच भरलेलं असतं. आयकर अधिकाऱ्यासमोर तुमच्या वतीने उभं कोण राहू शकतं याची यादी कायद्यात आहे. जुन्या १९६१ च्या कायद्यात ती कलम २८८ मध्ये होती: नातेवाईक, पगारी नोकर, वकील, सीए, ठराविक पदवी असलेले काही जण. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला, त्यातही अधिकृत प्रतिनिधीची व्यवस्था आहेच. पण ही यादी हजर राहण्यासाठी आहे. खुर्चीत बसून तुमच्या लॉगिनने बटण दाबणाऱ्याला ती विचारतच नाही.

जीएसटीत मात्र एक पायरी आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ४८ नुसार 'जीएसटी प्रॅक्टिशनर' म्हणून नोंदणी करता येते. वाणिज्य, कायदा वगैरे विषयांची पदवी, किंवा करखात्यातली ठराविक दर्जाची नोकरी, किंवा जुन्या विक्रीकरातला पाच वर्षांचा सल्लागारीचा अनुभव लागतो. नोंदणीनंतर परीक्षा असते: १०० बहुपर्यायी प्रश्न, अडीच तास, २०० गुण, उत्तीर्ण व्हायला १००, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पहिली परीक्षा ऑक्टोबर २०१८ मध्ये झाली. मी त्या परीक्षेला नावं ठेवणार नाही, निदान कायदा उघडून बघायला लावते. पण बहुपर्यायी प्रश्नात चारपैकी एक उत्तर बरोबर असतंच. पावडर कोटिंगवाल्याच्या खरेदी बिलांच्या गठ्ठ्यात कधी कधी एकही बरोबर नसतं, आणि ते ओळखणं ही खरी लायकी. गंमत अशी की ग्राहकाच्या लॉगिनने काम करणाऱ्याला ही नोंदणी लागतच नाही, म्हणून बरेच जण तिच्या वाटेला जात नाहीत.

आणि त्याच कलमात एक उपकलम आहे, जे प्रत्येक युनिटच्या भिंतीवर लावायला हवं: प्रॅक्टिशनरने भरलेल्या विवरणपत्रातल्या मजकुराच्या अचूकतेची जबाबदारी नोंदणीकृत व्यक्तीवरच राहील. म्हणजे तुमच्यावर. नोंदणीकृत, परीक्षा पास झालेल्या माणसाने चूक केली तरीही. ऑस्ट्रेलियात याच्या उलट सोय आहे. तिथे २००९ च्या कायद्याने करप्रतिनिधींसाठी मंडळ नेमलं, मोबदला घेऊन करसेवा द्यायची तर तिथे नोंदणी सक्तीची, आणि ग्राहकाने सगळी माहिती खरी दिली असेल तर प्रतिनिधीच्या निष्काळजीपणाचा दंड ग्राहकाला माफ होतो. कर भरावा लागतोच, दंड नाही. ही सोय आपल्याकडे आली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पण ती नोंदणीच्या सक्तीशिवाय येणार नाही, आणि सक्ती म्हटली की पहिला आरडाओरडा आमच्याच गल्लीतून होईल. अमेरिकेतही करखात्याने २०११ मध्ये विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी परीक्षा सक्तीची करायचा घाट घातला होता. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की कायद्याने खात्याला तो अधिकार दिलेलाच नाही. तेव्हा हा गुंता फक्त आपल्याकडचा आहे असं समजू नका.

आता आमच्या जमातीबद्दल. सीएवर लक्ष ठेवणारी संस्था (आयसीएआय) आहे, नियम आहेत, शिक्षा आहेत. परीक्षा अवघड आहे यात वाद नाही. प्रत्येक विषयात ४० टक्के, एकूण ५० टक्के, आणि सोबत आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, जी आधी तीन वर्षांची होती आणि नव्या अभ्यासक्रमात दोन वर्षांवर आली. हे वर्ष कमी करणं मला अजून पटलेलं नाही. आर्टिकलशिपमधल्या तिसऱ्या वर्षी मुलगा फायलीतली चूक वासाने ओळखायला लागतो. असो.

अडचण पुढची आहे. एकदा पास झाल्यावर आयुष्यात पुन्हा परीक्षा नाही. त्याऐवजी प्रॅक्टिस करणाऱ्याला तीन वर्षांत १२० तासांचं शिक्षण पूर्ण करावं लागतं, त्यातला भाग प्रत्यक्ष व्याख्यानांचा. कल्पना चांगली. पण तास मोजले जातात, डोक्यात काय गेलं ते मोजलं जात नाही. पूर्वी हॉलच्या दारात सही करून चहा-बटाटेवड्यापुरते थांबणारे मी पाहिले आहेत, आणि एकदोनदा त्या रांगेत मीही होतो. 'पीअर रिव्ह्यू' त्याहून बरा: एक सीए दुसऱ्या सीएच्या फायली उघडतो, निष्कर्षाला पुरावा आहे का बघतो. माझ्याकडे झाला तेव्हा दोन दिवस झोप नव्हती, म्हणजे उपयोगाचा असावा. पण तो मोठी लेखापरीक्षणं करणाऱ्या फर्मपासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा होत आला आहे; स्टेशनजवळच्या एका खोलीतल्या सीएपर्यंत तो पोचेलच असं नाही. २०१८ मध्ये आलेलं राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण तर शेअर बाजारात नोंदलेल्या आणि मोठ्या कंपन्यांसाठी आहे. तुमच्या युनिटशी त्याचा संबंध नाही.

तुमच्या उपयोगाची गोष्ट म्हणजे यूडीआयएन. सीएने सही केलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर आणि लेखापरीक्षण अहवालावर अठरा अक्षर-अंकांचा क्रमांक लागतो. २०१९ मध्ये फेब्रुवारी, एप्रिल आणि जुलै अशा तीन टप्प्यांत तो सक्तीचा झाला. कारण साधं होतं: सीए नसलेले लोक सीएचे शिक्के मारून कर्जासाठी प्रमाणपत्रं देत होते. संस्थेच्या यूडीआयएन संकेतस्थळावर कोणीही तो क्रमांक टाकून खातरजमा करू शकतं. बँकेला देण्यासाठी त्या गृहस्थांनी कधी 'सीएचं सर्टिफिकेट' आणून दिलं असेल तर आज तो क्रमांक टाकून बघा. क्रमांक सापडला नाही तर प्रकरण निव्वळ कराचं राहत नाही. सापडला, पण त्या सीएला तुम्ही कधी पाहिलंच नसेल, तर कोणीतरी सही भाड्याने दिली आहे. हा प्रकार आमच्यात आहे, नाकारण्यात अर्थ नाही.

तक्रारीचं बोलू. माणूस सीए असेल तर संस्थेच्या शिस्तपालन संचालकांकडे ठरलेल्या नमुन्यात तक्रार करता येते. ग्राहकाचा पैसा वेगळ्या खात्यात न ठेवणं, कामात योग्य ती दक्षता न घेणं, रिफंडच्या टक्क्यावर फी ठरवणं, ही सगळी व्यावसायिक गैरवर्तनं आहेत. निकालाला वेळ लागतो, पण सदस्यत्व जाऊ शकतं आणि त्याची भीती खरी असते. माणूस नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनर असेल तर खात्याच्या अधिकाऱ्याकडे लेखी द्या. तो कारणे दाखवा नोटीस काढून, म्हणणं ऐकून नोंदणी अपात्र ठरवू शकतो. तो नोंदलेला आहे का, हे जीएसटी पोर्टलवर प्रॅक्टिशनर शोधायच्या सोयीत दिसतं. आणि दोन्ही नसेल, तर उरतात पोलीस. तुम्ही कराचे म्हणून पैसे दिले आणि त्याने ते ठेवून घेतले, हा विश्वासघात आणि फसवणूक आहे. १ जुलै २०२४ नंतरच्या व्यवहारांना भारतीय न्याय संहिता, आधीच्यांना जुनं दंडविधान. खात्यात पाठवलेल्या पैशांच्या नोंदी आणि 'या महिन्याचा कर इतका' असे त्याचे मेसेज हाच तुमचा पुरावा. मोबाइल बदलायच्या आधी त्यांची प्रत काढून ठेवा. खोट्या क्रेडिटला हातभार लावणाऱ्यावर जीएसटी कायद्यातही दंड आहे, पण तो फार तर पंचवीस हजार. तुमच्या नोटीशीपुढे ती चिल्लर आहे.

तुम्ही सोसायटीत राहत असाल तर एक आडवळणाची गोष्ट सांगतो, कारण तिथे आपल्या राज्याने वेगळा मार्ग धरला आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेचं लेखापरीक्षण करायला सीएच लागतो असं नाही. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही पदविका परीक्षा पास झालेला, ठराविक अनुभव असलेला माणूसही शासनाच्या नामतालिकेवर येऊ शकतो. सहकार कायदा, उपविधी, संस्थेचे हिशेब असा नेमका त्याच कामाचा अभ्यास. शिवाय एकाच लेखापरीक्षकाला सलग तीन वर्षांपेक्षा जास्त नेमता येत नाही, आणि त्याने दाखवलेले दोष दुरुस्त केल्याचा अहवाल समितीला 'ओ' नमुन्यात द्यावा लागतो. अंमलबजावणीत हजार भोकं आहेत. ठाण्यातल्या कित्येक सोसायट्यांचे 'ओ' नमुने मागच्या वर्षीच्या फाइलवरून उतरवलेले असतात. तरीही कामानुसार परीक्षा, नावांची यादी, ठराविक काळाने माणूस बदलणं आणि दोषांचा पाठपुरावा, हा सांगाडा मला करसल्लागारांसाठीही योग्य वाटतो. खालच्या पायरीवरच्या माणसाला हाकलण्यापेक्षा त्याला पायरी द्यावी.

कारण पायरी नसली की काय होतं ते जुलै २०२५ मध्ये दिसलं. खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणाऱ्या मध्यस्थांवर आयकर खात्याने देशभर सुमारे १५० ठिकाणी कारवाई केली. घरभाडं, आरोग्यविमा, शैक्षणिक कर्ज, राजकीय पक्षांना देणग्या, सगळं कागदावर. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये काम करणारा एक मुलगा त्याच सुमारास माझ्याकडे आला होता. त्याने ज्या पक्षाला पन्नास हजार दिल्याचं विवरणपत्रात होतं, त्या पक्षाचं नाव त्याने माझ्यासमोर पहिल्यांदा वाचलं. रिफंडचे दहा टक्के त्या 'एजंट'ने घेतले होते, पोर्टलवरचा ई-मेलही त्याचाच. सुधारित विवरणपत्र भरून, व्याजासकट पैसे परत करून तो सुटला. त्याच्या आईचा प्रश्न मात्र तुमच्यासारखाच होता: "अहो, तो सीए नव्हता का?"

आता पुढचा माणूस कसा निवडायचा. सदस्य क्रमांक, प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र, प्रॅक्टिशनरची नोंदणी, हे पाच मिनिटांत तपासून होतं आणि तपासाच. पण त्यावरून सही कळली, काम नाही कळलं. काम बघायला मी ओळखीच्या उद्योजकांना सांगतो की पहिल्या भेटीत त्याला तुमच्या धंद्यातला एक खरा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे. तुमच्यासाठी असा प्रश्न देतो. दुसऱ्याच्या मालावर पावडर कोटिंग करणं म्हणजे जॉबवर्क, आणि जीएसटीत दुसऱ्याच्या मालावरची प्रक्रिया ही सेवा धरतात. त्यामुळे नोंदणीची मर्यादा तुम्हाला मालाची चाळीस लाखांची नाही, सेवेची वीस लाखांची लागू होते. हे विचारल्यावर जो लगेच "चाळीस लाख" म्हणेल त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. जो विचारेल की तुम्ही फक्त कोटिंग करता की पत्राही तुमचाच असतो, त्याला बसवून घ्या. दुसरा प्रश्न: उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या छोट्या पुरवठादाराचं बिल मार्चअखेर थकलं तर काय? पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल आणि पैसे करारानुसार जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, करार नसेल तर पंधरा दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. जाणकार माणूस इथेही उत्तराआधी दोन प्रश्न विचारेल: पुरवठादार उत्पादक आहे की नुसता व्यापारी, आणि करार लेखी आहे का. आमच्या धंद्यात लायकी अशी प्रश्नांतून दिसते. "होऊन जाईल, टेन्शन घेऊ नका" हे वाक्य ज्याच्या तोंडात जास्त, त्याच्या फायली मी नेहमी पातळ पाहिल्या आहेत.

मग त्याला विचारा की खरेदीचं क्रेडिट दर महिन्याला पोर्टलवरच्या २बी विवरणाशी जुळवून त्याचा तक्ता मला देणार का. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालं नाही. पुरवठादारांनी दाखवलेली बिलं २बी मध्ये येतात. तिथे नसलेलं क्रेडिट कुठून आलं, हा प्रश्न तुम्ही पहिल्याच महिन्यात विचारू शकला असता. तुमची चूक काढत नाही. कोणी सांगितलंच नाही.

माझ्याकडूनही झालं आहे, सांगतोच. तुर्भ्याच्या एपीएमसीतल्या एका व्यापाऱ्याची नोटीस पोर्टलवर 'अतिरिक्त नोटिसा आणि आदेश' या वेगळ्या रकान्यात पडून राहिली. आम्ही नेहमीचा रकाना उघडून बघत होतो. आदेश एकतर्फी झाला. अपिलाची मुदत तीन महिने, पुढे उशीर माफ करायचा एक महिना. आम्ही त्या चौथ्या महिन्यात पोचलो. सदस्य क्रमांक, अनुभव, भिंतीवरची प्रमाणपत्रं, सगळं होतं. त्या दिवसापासून ऑफिसात एक वही आहे, दर सोमवारी प्रत्येक ग्राहकाचे दोन्ही रकाने बघून सही करायची. पुढच्या सल्लागाराला विचारा की तुमची सोमवारची वही कुठली. त्याला प्रश्न कळला, तर बोलणं पुढे न्या.

पैशांबद्दल एकच नियम: कराचा पैसा सल्लागाराच्या खात्यातून जाऊ द्यायचा नाही. जीएसटीचं चलन तुमच्या नावाने निघतं, त्यावर चौदा अंकी क्रमांक येतो, पैसे तुमच्या बँकेतून जातात. त्याने फक्त चलन बनवून पाठवायचं. विवरणपत्र भरलं का, ते जीएसटी क्रमांक टाकून पोर्टलवर कोणालाही, लॉगिनशिवाय दिसतं. पण तुमच्याच बाबतीत तिथे सगळं हिरवंगार दिसलं असतं, कारण त्याने विवरणपत्रं भरली होती, पैसे भरले नव्हते. म्हणून स्वतःच्या लॉगिनमध्ये कॅश लेजर (रोख भरलेल्या कराची खातेवही) आणि क्रेडिट लेजर (क्रेडिटची खातेवही) बघायला शिका. अर्ध्या तासाचं काम आहे, आमच्या आर्टिकल मुलीसुद्धा शिकवतील.

आता तातडीचं. पोर्टलवरचा मोबाइल आणि ई-मेल त्या गृहस्थांचा असणार, नाहीतर विभागाचा क्रेडिट जुळत नसल्याचा पहिला इशारा तुम्हाला सात दिवसांत उत्तर द्या म्हणून आला असता. पासवर्ड त्यांच्याकडे असेल आणि ते फोन उचलत नसतील, तर तुमच्या क्षेत्राच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे मालकीचे आणि ओळखीचे कागद घेऊन जा. तो नवा मोबाइल आणि ई-मेल नोंदवून देतो. मग त्यांना दिलेली अधिकृतता काढून टाका. कराची रक्कम आणि १८ टक्के व्याज यांचा हिशेब कोणाकडून तरी या आठवड्यात करून घ्या. फसवणुकीच्या कलमाखाली दंड कराइतकाच जाऊ शकतो. कारणे दाखवा नोटीस निघायच्या आत भरलं तर तो पंधरा टक्क्यांवर थांबतो, नंतर पायरीपायरीने वाढतो. पोलिसांकडे केलेल्या तक्रारीची प्रत उत्तराला जोडा. त्याने कर माफ होत नाही, पण हेतू तुमचा नव्हता हे कागदावर येतं, आणि कुठलं कलम लागणार ते त्यावर ठरतं.

तुमच्या प्रश्नात नोटीशीचा नमुना क्रमांक आणि तारीख नाही. वरच्या उजव्या कोपऱ्यात असेल. ती नुसती विचारणा आहे, कारणे दाखवा आहे की आदेश, यावर वरचं सगळं बदलतं, तेव्हा आधी ते कळवा.